स्पॅनिशमधील दोन भूतकाळ आणि मराठी क्रियापद

१. प्रस्तावना

मागील घटकात आपण 'काळ' या व्याकरणिक कोटीचा परिचय करून घेतला. क्रिया बोलण्याच्या क्षणाआधी घडली, त्या क्षणी घडत आहे की पुढे घडणार आहे, हे क्रियापदाच्या रूपावरून कळते, त्यास आपण काळ म्हटले. या घटकात 'क्रियाव्याप्ती' ही दुसरी कोटी अभ्यासावयाची आहे. ती मराठीवरूनच शिकवता आली असती. परंतु स्वतःच्या भाषेतील भेद आपल्या इतके अंगवळणी पडलेले असतात की ते भेद आहेत हेच ध्यानात येत नाही. म्हणून आपण थोडा दूरचा मार्ग घेऊ आणि स्पॅनिश भाषेतील भूतकाळ पाहू. तुम्हांला स्पॅनिश येत नाही असे गृहीत धरूनच हे विवेचन केले आहे.

स्पॅनिश उच्चार येथे देवनागरीत दिले आहेत. त्याबाबत दोनच गोष्टी लक्षात ठेवाव्यात. त्या भाषेत लिहिला जाणारा 'ह' उच्चारात नसतो आणि 'व' व 'ब' या अक्षरांचा उच्चार एकच होतो. तसेच आघात कोणत्या स्वरावर आहे यावर अर्थ अवलंबून असतो. जेथे शब्दाच्या शेवटच्या स्वरावर आघात आहे तेथे आपण अवग्रहाचे चिन्ह वापरू. 'आब्लो' म्हणजे 'मी बोलतो' आणि 'आब्लोऽ' म्हणजे 'तो बोलला'. काळ आणि पुरुष दोन्ही बदलले ते केवळ आघातामुळे.

२. एकाच घटनेची दोन वाक्ये

पुढील दोन वाक्ये पाहा.

क्वान्दो येगोऽ ला पोलिसीआ, एल ओम्ब्रे सालीआ दे ला कासा.
क्वान्दो येगोऽ ला पोलिसीआ, एल ओम्ब्रे सालिओऽ दे ला कासा.

'पोलीस आले तेव्हा तो माणूस घरातून बाहेर पडत होता' हा पहिल्या वाक्याचा अर्थ. 'पोलीस आले तेव्हा तो माणूस घरातून बाहेर पडला' हा दुसऱ्याचा. दोन्ही वाक्यांत तोच माणूस, तेच घर, तेच पोलीस आणि तोच भूतकाळ आहे. फरक फक्त 'सालीआ' आणि 'सालिओऽ' या दोन रूपांत आहे. पण एखाद्या साक्षीदाराचा जबाब भाषांतरित करण्याचे काम तुमच्याकडे आले आहे असे समजा. पहिल्या वाक्यात पोलीस येण्यापूर्वीच त्या माणसाचे बाहेर पडणे सुरू झालेले आहे. पोलीस येत आहेत हे त्याला ठाऊक असेलच असे नाही. दुसऱ्या वाक्यात आधी पोलीस आले, मग तो बाहेर पडला. कदाचित त्यांना पाहूनच. भाषांतरकाराने एक प्रत्यय चुकवला तर घटनाक्रम उलटा होतो आणि त्याबरोबर त्या माणसाचा हेतूही बदलून जातो.

या दोन रूपांतील भेद काळाचा नाही. दोन्ही क्रिया भूतकाळीच आहेत. भेद आहे तो वक्ता त्या क्रियेकडे कोठून पाहतो याचा. 'सालिओऽ' म्हणणारा वक्ता क्रियेच्या बाहेर उभा आहे. तिचा आरंभ आणि शेवट मिळून एक सबंध घटना त्याला दिसते. 'सालीआ' म्हणणारा वक्ता आपल्याला क्रियेच्या मध्यभागी नेऊन सोडतो. तिचा शेवट त्याच्या दृष्टिक्षेपात नाही. माणूस अखेर बाहेर पडला की उंबऱ्यावरूनच परत फिरला, हे या रूपातून कळत नाही. क्रियेच्या अंतर्गत रचनेकडे पाहण्याच्या या भिन्न रीतींना भाषाविज्ञानात क्रियाव्याप्ती म्हणतात. बर्नार्ड कॉम्री यांच्या १९७६ च्या ग्रंथापासून ही मांडणी विशेष रूढ झाली. पहिल्या रीतीस पूर्ण आणि दुसरीस अपूर्ण क्रियाव्याप्ती असे आपण म्हणू.

एक सावधगिरी येथेच सांगणे आवश्यक आहे. शालेय मराठी व्याकरणात 'पूर्ण भूतकाळ' म्हणजे 'केले होते', 'गेला होता' ही रूपे. पूर्ण क्रियाव्याप्ती म्हणजे ते नव्हे. 'गेला' हे साधे रूपच पूर्ण क्रियाव्याप्तीचे आहे. संज्ञांच्या या साम्यामुळे दरवर्षी उत्तरपत्रिकांत गोंधळ होतो.

३. रूपसिद्धी

स्पॅनिश क्रियापदे मूळ रूपाच्या अंत्यावरून तीन गटांत विभागली जातात: 'आर' अंत्य असलेली (आब्लार, बोलणे), 'एर' अंत्य असलेली (कोमेर, खाणे) आणि 'ईर' अंत्य असलेली (बिबीर, राहणे किंवा जगणे). भूतकाळात शेवटचे दोन गट एकच प्रत्यय घेतात, त्यामुळे शिकावयाचे ओझे कमी होते.

पूर्ण व्याप्तीच्या रूपाला आपण 'साधा भूत' म्हणू. 'आब्लार'ची रूपे अशी: आब्लेऽ (मी बोललो), आब्लास्ते (तू बोललास), आब्लोऽ (तो किंवा ती बोलली), आब्लामोस (आम्ही बोललो), आब्लास्तेइस (तुम्ही बोललात), आब्लारोन (ते बोलले). 'कोमेर'ची: कोमीऽ, कोमिस्ते, कोमिओऽ, कोमिमोस, कोमिस्तेइस, कोमिएरोन. 'तुम्ही'चे स्वतंत्र रूप मुख्यतः स्पेनमध्ये वापरात आहे. लॅटिन अमेरिकेत त्या जागी 'ते'चे रूप चालते.

अपूर्ण व्याप्तीच्या रूपाला 'अपूर्ण भूत' म्हणू. आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. आणि कोमीआ, कोमीआस, कोमीआ, कोमीआमोस, कोमीआइस, कोमीआन. येथे 'मी' आणि 'तो' यांची रूपे एकच आहेत. स्पॅनिशमध्ये कर्ता सहसा उच्चारला जात नाही, कारण तो प्रत्ययातून कळतो. या ठिकाणी मात्र संदर्भ पुरेसा नसेल तर तो बोलावा लागतो. त्याचप्रमाणे 'आब्लामोस' हे रूप वर्तमानातही तसेच आहे: 'आम्ही बोलतो' आणि 'आम्ही बोललो' या दोन्हींसाठी तेच.

अनियमिततेच्या बाबतीत दोन्ही भूतकाळांत जमीनअस्मानाचा फरक आहे. अपूर्ण भूतात अनियमित क्रियापदे अवघी तीन: असणे (एरा), जाणे (इबा) आणि पाहणे (बेईआ). साध्या भूतात मात्र रोजच्या वापरातील बहुतेक क्रियापदे अनियमित आहेत: तुबे (माझ्याजवळ होते), एस्तुबे (मी होतो), पुसे (मी ठेवले), बिने (मी आलो), इसे (मी केले), दिहे (मी म्हणालो). या रूपांत आघात शेवटी नसून धातूवर असतो, हेही लक्षात घ्यावे. सर्वांत चमत्कारिक जोडी 'सेर' (असणे) आणि 'इर' (जाणे) यांची: दोहोंचा साधा भूत एकच, फुइ, फुइस्ते, फुए. 'फुए' म्हणजे 'तो गेला' आणि 'फुए' म्हणजेच 'तो होता'. प्रत्यक्ष बोलण्यात यामुळे अडचण येत नाही. 'मेक्सिकोला फुए' यात जाणेच असणार आणि 'फुए मंत्री' यात असणेच.

जी क्रियापदे अधिक वापरली जातात तीच अधिक अनियमित राहतात, हे तुम्ही मराठीतही पाहिले आहे. 'जा' धातूचे 'गेला', 'ये' धातूचे 'आला', 'कर' धातूचे 'केला'. सतत जिभेवर असलेली रूपे लोक पाठ ठेवतात आणि नियमात बसवण्याची निकड त्यांना भासत नाही.

४. कालावधीचा भ्रम

स्पॅनिश शिकणाऱ्यास बहुधा पहिल्याच आठवड्यात सांगितले जाते की, छोट्या क्रियेला साधा भूत वापरावा आणि दीर्घकाळ चाललेल्या क्रियेला अपूर्ण भूत. नियम सोपा आहे, आणि चुकीचा आहे. तो एकदा मनात बसला की काढणे फार कठीण जाते.

आयबेरियन द्वीपकल्पात मुस्लिम सत्तेचा आरंभ ७११ मध्ये झाला आणि १४९२ मध्ये ग्रानादाच्या पाडावाने तिचा अंत झाला. 'ती सत्ता जवळजवळ आठशे वर्षे टिकली' या वाक्यात स्पॅनिश इतिहासकार 'दुरोऽ' (टिकली) हे साध्या भूताचे रूप वापरेल. ७८१ वर्षांचा कालखंड, तरीही साधा भूत. कारण त्या कालखंडाच्या दोन्ही कडा वाक्यात आल्या आहेत. उलट 'क्वान्दो एन्त्रेऽ, सोनाबा एल तेलेफोनो', म्हणजे 'मी आत आलो तेव्हा फोन वाजत होता', येथे फोन जेमतेम चार सेकंद वाजला असेल. तरी क्रियापद अपूर्ण भूतात, कारण आपण त्या चार सेकंदांच्या मध्ये प्रवेश केला आहे.

पुनरावृत्तीचेही तसेच. 'गेल्या वर्षी मी पाच वेळा पुएब्लाला गेलो' यात 'फुइ' हे साधे रूप, कारण पाच हा आकडा मालिका बंद करतो. 'गेल्या वर्षी मी दर महिन्याला पुएब्लाला जायचो' यात 'इबा', कारण मालिका खुली आहे.

चिलीत स्थायिक झालेले, मूळचे काराकासचे व्याकरणकार आन्द्रेस बेयो यांनी १८४७ मध्ये अमेरिकेतील लोकांच्या उपयोगासाठी म्हणून कास्तिलियन भाषेचे व्याकरण लिहिले. त्यांनी अपूर्ण भूताला 'कोप्रेतेरीतो' असे नाव दिले. मराठीत त्याचा अनुवाद 'सहभूत' असा करता येईल: भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या क्षणाच्या सोबत असलेली क्रिया. मला ही संज्ञा 'अपूर्ण' या संज्ञेपेक्षा अधिक अर्थवाहक वाटते. 'अपूर्ण' म्हटले की काही राहून गेले असा भास होतो. 'सहभूत' म्हटले की आपण आपोआप विचारतो, कशाच्या सोबत? फोन वाजत होता तो माझ्या आत येण्याच्या सोबत. हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घेतली तर दहापैकी आठ वाक्यांत योग्य रूप सापडते. मेक्सिकोच्या शाळांत बेयो यांची ही संज्ञा आजही प्रचारात आहे.

५. मराठी कोठे कापते

आता मराठीकडे वळू. स्पॅनिशमधील 'इबा' या एका रूपासाठी मराठीत किती रूपे आहेत ते पाहा: 'तो जात होता', 'तो जात असे', 'तो जाई', 'तो जायचा'. स्पॅनिश बोलणारा एका रूपात जे सांगतो त्याचे आपण दोन भाग करतो. त्या विशिष्ट क्षणी चाललेली क्रिया एकीकडे (जात होता) आणि सवयीची, पुन्हापुन्हा घडणारी क्रिया दुसरीकडे (जाई, जात असे, जायचा). स्पॅनिशमध्येही हा भेद शब्द वाढवून करता येतो. 'एस्ताबा कोमिएन्दो' म्हणजे नेमके 'त्या वेळी खात होता'. पण तो करावाच लागतो असे नाही. मराठीत तो टाळता येत नाही.

'जाई', 'करी', 'येई' या रूपांचा इतिहास मनोरंजक आहे. ज्ञानेश्वरीच्या मराठीत 'करी' हे वर्तमानकाळाचे रूप होते. पुढे 'करीत आहे', 'करतो' ही नवी रूपे रूढ झाली आणि जुन्या वर्तमानाला भूतकाळातील सवयीच्या कोपऱ्यात जागा मिळाली. आज बोलीतून तेही मागे पडत आहे; पुण्यामुंबईच्या बोलण्यात 'जायचा' सर्रास ऐकू येते आणि 'जाई' आठवणीपर लेखनात उरले आहे.

पूर्ण व्याप्तीच्या बाजूला मराठी आणखी एक गोष्ट करते, जी स्पॅनिश करत नाही. 'सीतेने आंबा खाल्ला', 'सीतेने कैरी खाल्ली', 'सीतेने आंबे खाल्ले': क्रियापद कर्माप्रमाणे बदलते आणि कर्त्याला 'ने' लागतो. पण क्रिया अपूर्ण व्याप्तीत नेताच 'सीता आंबा खात होती', 'सीता कैरी खात होती': क्रियापद कर्त्याकडे वळते, 'ने' गळून पडतो. म्हणजे मराठीत क्रियाव्याप्ती ही केवळ प्रत्ययाची बाब राहत नाही. तिच्यामुळे संपूर्ण वाक्याचा प्रयोगच बदलतो. स्पॅनिशमध्ये 'सीता कोमिओऽ' आणि 'सीता कोमीआ'. कर्ता जसाच्या तसा आणि आंबा असो की कैरी, क्रियापदाला त्याचे सोयरसुतक नाही. (मराठीत याला अपवाद आहेत: 'मी मराठी शिकलो', 'ती नाव विसरली', 'तो म्हणाला'. आणि 'तू पत्र लिहिलेस' यात क्रियापद कर्माशी जुळते, पण शेवटचा 'स' मात्र कर्त्याचा. यावर एक स्वतंत्र घटक लिहिता येईल.)

असे का? कारण दोन्ही भूतकाळांचे कुळ निराळे आहे. संस्कृतातील भूतकाळाची क्रियारूपे प्राकृतांत जवळजवळ लोपली आणि त्यांची जागा 'क्त' प्रत्ययाच्या धातुसाधित विशेषणाने घेतली. 'तेन आम्रं खादितम्' या रचनेचा वंशज म्हणजे 'त्याने आंबा खाल्ला'. विशेषण असल्यामुळे ते लिंग आणि वचन बदलते. म्हणूनच 'गेला, गेली, गेले'. स्पॅनिशचा साधा भूत लॅटिनच्या मूळ क्रियारूपातून थेट आला: लॅटिन 'कान्ताविट', स्पॅनिश 'कान्तोऽ' (गायले). तो कधी विशेषण नव्हताच, म्हणून त्याला लिंग नाही. 'कान्तोऽ' वाचून गाणारा पुरुष होता की स्त्री, हे सांगता येत नाही. मराठीतही 'गायले' एवढ्यावरून ते कळणार नाही, पण 'गेला' आणि 'गेली' लगेच सांगून टाकतात.

तथापि स्पॅनिशमध्ये एक तिसरा भूतकाळही आहे: 'ए कोमिदो', म्हणजे 'मी खाल्ले आहे'. हा मात्र धातुसाधित विशेषणातून घडला आहे. लॅटिनमध्ये त्याची मूळ रचना 'माझ्याकडे लिहिलेली पत्रे आहेत' अशा अर्थाची होती, आणि जुन्या स्पॅनिशमध्ये हे विशेषण पुष्कळदा कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत असे. शिवाय त्या काळी सकर्मक क्रियापदांना एक साहाय्यक क्रियापद आणि जाणे-येणे यांसारख्या अकर्मकांना दुसरेच साहाय्यक लागत असे. मराठीतील कर्तरी-कर्मणी भेदाची आठवण व्हावी अशीच ही स्थिती. पुढे स्पॅनिशने हे सर्व सपाट केले. आज 'कोमिदो' कोणासाठीही बदलत नाही. मराठीने तो भेद जपला. दोन परस्परांपासून दूर असलेल्या भाषा एकाच वळणावर आल्या आणि निरनिराळ्या दिशांनी गेल्या.

या तिसऱ्या भूतकाळाचा वापर प्रदेशानुसार बदलतो. 'आज सकाळी मी कॉफी घेतली' हे माद्रिदमधला माणूस 'ए तोमादो' असे म्हणेल आणि मेक्सिकोमधला 'तोमेऽ' असे म्हणेल. माद्रिदच्या बोलण्यात 'आज' आणि 'आजच्या आधी' यांत एक रेषा आहे: काल घेतलेल्या कॉफीला तिथेही 'तोमेऽ'च. संस्कृत व्याकरण वाचलेल्यांना येथे ओळखीचे काही सापडेल. पाणिनीने 'लङ्' लकार अनद्यतन भूतासाठी, म्हणजे आज न घडलेल्या गोष्टीसाठी सांगितला आहे आणि 'लिट्' वक्त्याने स्वतः न पाहिलेल्या घटनेसाठी. 'आज'ची रेषा ओढण्याची गरज अनेक भाषांना भासली आहे.

६. मराठी विद्यार्थी कोठे अडखळतो

ज्याच्या मातृभाषेत 'गेला' आणि 'जात होता' हा भेद आहे, त्याला स्पॅनिशचे दोन भूतकाळ कठीण जाऊ नयेत. बहुतेक क्रियापदांबाबत ते जातही नाहीत. अडचण 'होता' या शब्दात आहे.

'तो आजारी होता' हे वाक्य घ्या. तो बरा झाला की नाही, याबाबत मराठी मौन बाळगते. स्पॅनिशला मौन बाळगता येत नाही. 'एस्ताबा एन्फेर्मो' किंवा 'एस्तुबो एन्फेर्मो' यांपैकी एक निवडावेच लागते. 'एस्ताबा' म्हटले तर आपण त्या आजारपणाच्या आत उभे आहोत: मी त्याला भेटलो तेव्हा तो आजारी होता. 'एस्तुबो' म्हटले तर ते आजारपण एक सबंध, मागे पडलेली गोष्ट ठरते: दोन आठवडे तो आजारी होता, त्यातून उठला. वैद्यकीय प्रमाणपत्र मराठीतून स्पॅनिशमध्ये नेणाऱ्याला 'होता' या एका शब्दासाठी रुग्णाची सगळी हकिगत विचारावी लागेल. 'तो पाच वर्षे मंत्री होता' यात 'फुए'. 'तो मंत्री होता तेव्हा धरण बांधले' यात 'एरा'. मराठीचे 'झाला' येथे उपयोगी नाही, कारण 'मंत्री झाला' म्हणजे मंत्रिपद सुरू झाले, संपले नाही.

याच्या उलट काही ठिकाणी मराठी अधिक सुस्पष्ट आहे. स्पॅनिशमध्ये 'साबेर' (माहीत असणे) या एकाच क्रियापदाची दोन भूतकालीन रूपे घ्या. 'साबीआ' म्हणजे 'मला माहीत होते' आणि 'सुपे' म्हणजे 'मला कळले'. आपल्याकडे या दोन वेगळ्या शब्दयोजना आहेत; स्पॅनिशमध्ये केवळ प्रत्यय बदलला आहे. माहीत असण्याच्या स्थितीकडे बाहेरून पाहिले की तिचा आरंभ दिसतो, आणि माहितीचा आरंभ म्हणजे कळणे. 'कोनोसीआ' म्हणजे 'मी त्याला ओळखत होतो', 'कोनोसीऽ' म्हणजे 'माझी त्याच्याशी ओळख झाली'. 'नो केरीआ' म्हणजे 'त्याची इच्छा नव्हती', परंतु 'नो किसो' म्हणजे 'त्याने नकार दिला'. 'पोदीआ' म्हणजे 'त्याला शक्य होते', 'पुदो' म्हणजे 'त्याला जमले'. अनेक पाठ्यपुस्तकांत ही 'अर्थ बदलणारी क्रियापदे' म्हणून वेगळी यादी करून पाठ करायला दिली जातात. माझ्या मते ती यादी अनावश्यक आहे. येथे कोणताच अपवाद नाही. क्रियाव्याप्तीचा तोच नियम स्थितिवाचक क्रियापदांना लागला आहे, एवढेच.

काही ठिकाणी दोन्ही भाषा एकाच वाटेने जातात. कॉफीच्या दुकानात स्पॅनिश माणूस 'केरीआ उन काफेऽ' म्हणतो. आपण 'मला एक कॉफी हवी होती' म्हणतो. इच्छा आत्ताची आहे, रूप भूतकाळाचे. मागणीला जरा दूर ठेवून तिचा आग्रहीपणा कमी केला आहे. लोककथेचा आरंभही दोन्हीकडे अशाच रूपाने होतो. सेर्वान्तेस यांच्या 'दोन किहोते' (१६०५) या कादंबरीच्या पहिल्या वाक्यात नायकाच्या राहण्याविषयीचे क्रियापद अपूर्ण भूतातच आहे: आधी पडदा उघडतो, रंगमंच दिसतो, आणि घटना नंतर, साध्या भूतात, एकामागून एक प्रवेश करतात. मराठी कथाकारही हेच करतो. पुढच्या खेपेस एखादी कथा वाचताना 'होता' आणि 'त होता' ही रूपे कोठे संपतात आणि 'ला' प्रत्ययाची रूपे कोठे सुरू होतात, यावर पेन्सिलीने खूण करून पाहा.

आणि एक ठिकाण असे की जेथे नियम जाणूनबुजून मोडला जातो. स्पॅनिश वृत्तपत्रे आणि चरित्रे, विशेषतः परिच्छेदाच्या शेवटी, पूर्ण झालेल्या घटनेसाठीही अपूर्ण भूत वापरतात: 'ऑगस्ट १९३६ मध्ये लोर्का मरण पावत होता' अशा धर्तीचे वाक्य. कवी गार्सिया लोर्का यांचा मृत्यू ही घडून गेलेली, शेवट असलेली घटना आहे. तरी लेखक तिच्या आत थांबतो आणि वाचकालाही थांबवतो. क्रियाव्याप्ती ही घटनेत नसून पाहण्यात असते, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला ठाऊक नाही. मराठीत असे वाक्य शब्दशः उतरवले तर ते चूक वाटेल. अनुवादकाने 'मरण पावले' असेच लिहावे आणि तो थांबा अन्य मार्गाने साधावा.

मराठीच्या बाजूचा पुरावाही तितकाच बोलका आहे. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली की मूल जागचे न हलता ओरडते, 'आलो!' येणे अजून सुरूही झालेले नाही आणि क्रियापद 'ला' प्रत्ययाचे. स्पॅनिश मूल अशा वेळी 'या बोय' असे वर्तमानकाळात म्हणते. आपल्या 'ला' प्रत्ययाला आपण भूतकाळाचा प्रत्यय म्हणतो खरे. पण क्रिया पुरी झाल्यासारखी धरणे हे त्याचे मूळ काम आहे, आणि जे पुरे झाले ते बहुधा भूतकाळातच असते, म्हणून तो भूतकाळाचा वाटतो.

७. स्वयं-अध्ययनासाठी

(अ) पुढील मराठी वाक्ये स्पॅनिशमध्ये न्यावयाची झाल्यास कोणता भूतकाळ वापरावा लागेल, ते कारणासह लिहा. एकाहून अधिक उत्तरे शक्य असल्यास तसे नोंदवा आणि प्रत्येक उत्तराने अर्थ कसा बदलतो ते सांगा.
१. मी लहान असताना आम्ही नदीकाठी राहायचो.
२. आम्ही त्या घरात बारा वर्षे राहिलो.
३. सभा चांगली होती.
४. मला काल कळले की तिचे लग्न झाले आहे.
५. ती दार उघडत होती तेवढ्यात दिवे गेले.

(तिसऱ्या वाक्यावर अधिक वेळ द्यावा. सभा संपल्यावर घरी येऊन दिलेला अभिप्राय आणि सभेच्या मध्येच घडलेल्या एखाद्या प्रसंगाची पार्श्वभूमी, या दोन परिस्थिती कल्पून पाहा.)

(आ) 'मी पत्र लिहिले', 'मी पत्र लिहीत होतो', 'मी पत्रे लिही', 'मी पत्रे लिहायचो' या चार वाक्यांतील प्रयोग ओळखा. क्रियाव्याप्ती आणि प्रयोग यांचा परस्परसंबंध पाच ते सहा ओळींत स्पष्ट करा.

(इ) आपल्या घरातील किंवा शेजारच्या ज्येष्ठ व्यक्तीला तिच्या शाळेच्या दिवसांविषयी दहा मिनिटे बोलू द्या आणि परवानगी घेऊन ते ध्वनिमुद्रित करा. त्यात 'जाई', 'जात असे' आणि 'जायचा' या प्रकारची रूपे प्रत्येकी किती वेळा आली ते मोजा. तोच प्रयोग विशीतील व्यक्तीबरोबर करा. कोणते रूप कोणाच्या बोलण्यात आढळले नाही, आणि बोलणाऱ्याचे गाव वा बोली यांचा त्याशी काही संबंध दिसतो का, याची टिपणे संपर्क सत्राला येताना सोबत आणावीत.

(ई) लहान मुले भातुकली किंवा 'शाळा-शाळा' खेळताना भूमिका वाटून घेतात. अशा वेळी स्पॅनिश मुले 'यो एरा ला माएस्त्रा', म्हणजे 'मी बाई होते', असे अपूर्ण भूतात बोलतात. तुमच्या परिसरातील मराठी मुले त्या जागी कोणते रूप वापरतात, ते त्यांना न विचारता, केवळ ऐकून नोंदवा.